पाटील ढिगाने, देशपांडे मोजके : आडनावांची संख्या आणि मूळ शोधायचं कसं?

ओसरी

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आडनावांवर लेख करायचा आहे. ‘गमतीदार आडनावं’ छापाचा नकोय. ढेकणे, झुरळे, बारशिंगे अशी यादी देऊन हसवणारे लेख पुष्कळ झाले. तीन गोष्टी हव्या आहेत.

एक, महाराष्ट्रात कोणतं आडनाव किती आहे याचा भरवशाचा आकडा मिळतो का? नसेल तर निदान एका तालुक्यापुरता तो कसा काढायचा? दोन, पाटील, जाधव, पवार इतके का आणि देशपांडे, चिटणीस त्या मानाने थोडे का? तीन, ‘-कर’ आडनावावरून गाव नक्की कसं ओळखायचं?

नेटवर शोधलं की ‘अमुक राजघराण्याचे वंशज’ याच्यापुढे गाडी जात नाही. कागद कुठले पाहायचे, ते कुठे मिळतात आणि कुठे अडतं, हे जाणकारांनी सांगावं.

रुमाल

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर बरंचसं साध्या हिशोबात आहे. हुद्द्यावरून आलेलं आडनाव किती पसरलं हे त्या हुद्द्याच्या जागा किती होत्या यावर ठरतं.

गावाला एक पाटील आणि एक कुलकर्णी. परगण्याला एक देशमुख आणि एक देशपांडे. परगण्यात गावं डझनावारी असत, कधी शंभरावर. आजच्या महाराष्ट्रात गावं चाळीस हजारांच्या वर आहेत, म्हणजे पाटीलकीच्या जागा हजारोंत आणि देशमुखीच्या काही शेकड्यांत. त्यात पाटीलकी एका जातीत नव्हती. मराठा, जैन, लिंगायत, लेवा, आगरी, धनगर, माळी असे सगळ्यांत पाटील आहेत. कुलकर्णीपण मात्र बहुतेक ठिकाणी ब्राह्मणांकडे, मावळात आणि उत्तर कोकणात काही ठिकाणी कायस्थ प्रभूंकडे. शिवाय एकच कुलकर्णी दोन-चार गावांचं दप्तर सांभाळी. म्हणून गावाची दोन्ही वतनं बरोबरीची असूनही कुलकर्णी पाटलांपेक्षा कमी.

आणखी एक गुणाकार लक्षात घ्या. वतन वंशपरंपरेचं, त्यामुळे भाऊबंदांत तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडत. काम एका वेळी एकच जण करी, पण ‘पाटील’ सगळी भावकी लावी. प्रत्यक्ष पाटीलकी कधीच न केलेली शेकडो घरं पाटील आहेत ती यामुळे.

दरबारी हुद्द्यांचं याच्या उलट. तिथे जागाच कमी. ‘-नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. चिटणीस पत्रव्यवहार पाहणारा, सबनीस फौजेची हजेरी ठेवणारा, पोतनीस खजिन्याचा, पारसनीस फारसी पत्रांचा, कारखानीस कारखान्यांचा, वाकनीस रोजच्या घडामोडी टिपणारा. मुजुमदार म्हणजे ‘मजमू’ धरणारा, जमाखर्चाचा अधिकारी. तो बंगालातही आहे आणि गुजरातेतही, कारण फारसी कारभार सगळीकडे होता. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी या पदांना संस्कृत नावं दिली गेली : मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. पण आडनावांत फारसीच टिकली. अमात्य आणि सचिव ही नावं पदं वंशपरंपरेने चालली तिथेच राहिली, बावड्याचे पंत अमात्य आणि भोरचे पंत सचिव यांच्याकडे.

लेखात हे जरूर घाला की हुद्दा किंवा जहागीर मिळाल्यावर जुनं आडनाव मागे पडतं. नाना फडणवीस मूळचे भानू. विंचूरकर मूळचे दाणी. रास्ते मूळचे गोखले. औंधचे प्रतिनिधी किन्हईचे कुलकर्णी. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर. म्हणजे आजचं आडनाव त्या घराण्याचा शेवटचा मुक्काम सांगतं, पहिला नव्हे.

झाडीपट्टी

रुमाल यांच्या हिशोबाला एक पुरवणी. ‘पाटील’ लावायची पद्धत भागागणिक वेगळी आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात पाटील हे कुळाच्या आडनावाच्या *जागी* आलं. मूळ चव्हाण की मोहिते हे लग्न जमवतानाच निघतं. नगर, मराठवाड्याकडे ते *शेवटी जोडतात* : विखे पाटील, दानवे पाटील. खानदेशात लेवा समाजात दोन्ही चालतं. पाटील किंवा चौधरी लावणाऱ्या घरांचं भोळे, नेमाडे, झोपे, बेंडाळे असं मूळ आडनावही घरात माहीत असतं. मोजणी करताना जोड आडनाव कुठे टाकायचं हे आधी ठरवा, नाहीतर कोल्हापूरचे पाटील फुगतील आणि जालन्याचे दिसणारच नाहीत.

आमच्याकडे पूर्व विदर्भात तर गणितच वेगळं. तिथे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरी. गडचिरोली-चंद्रपूरकडे ‘-वार’ आडनावं दिसतात : वडेट्टीवार, मुनगंटीवार, गड्डमवार. हा तेलुगूतला आदरार्थी ‘वारु’. गोंदिया-भंडाऱ्यात पोवार ही जात आहे, तिची आडनावं पटले, बिसेन, रहांगडाले, टेंभरे. कोल्हापुरातलं ‘पोवार’ हे आडनाव म्हणजे पवारच. दोन्ही एकत्र मोजू नका.

खाजणकाठ

‘-कर’बद्दल लिहितो. यात नियम आहेत आणि ते उलटे चालवले की गाव सापडतं.

गावाचं नाव अकारान्त असेल तर सरळ ‘कर’ लागतो : नेरूर–नेरूरकर, वालावल–वालावलकर, म्हापण–म्हापणकर, तुळस–तुळसकर, पाट–पाटकर. एकारान्त असेल तर तसंच राहतं : परुळे–परुळेकर, होडावडे–होडावडेकर, पेडणे–पेडणेकर. आकारान्ताचा ‘आ’ जाऊन ‘ए’ येतो : बांदा–बांदेकर, आरोंदा–आरोंदेकर, म्हापसा–म्हापसेकर. ईकारान्ताची ‘ई’ बहुधा गळते : खानोली–खानोलकर, पिंगुळी–पिंगुळकर, आकेरी–आकेरकर, डिचोली–डिचोलकर, तेंडोली–तेंडोलकर आणि पुढे तेंडुलकर. सांगलीकर, रत्नागिरीकर यांत ‘ई’ टिकलीय, कारण ही अलीकडची घडण.

आता उलटं चालवा. समोर ‘खानोलकर’ आहे. गाव खानोल असेल, खानोली असेल किंवा खानोलं. तिन्ही रूपं लिहून काढा आणि २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतल्या गावयादीत तालुक्या-तालुक्याने शोधा. वेंगुर्ले तालुक्यात खानोली सापडते, प्रश्न मिटला. वडगावकर, पिंपळगावकर, नांदगावकर यांच्या बाबतीत मिटत नाही, कारण त्या नावांची गावं डझनांनी आहेत. तिथे कुलदैवत आणि ग्रामदैवत विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सगळ्यात जास्त फसगत ळ आणि ल यांत होते. दाभोळ हे दापोली तालुक्यातलं जुनं बंदर, त्यावरून दाभोळकर. दाभोली हे वेंगुर्ले तालुक्यातलं गाव, त्यावरून दाभोलकर. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच. मग मुंबईच्या शाळेतला लेखनिक इंग्रजी दाखल्यावरून मराठी नाव लिहितो आणि वेंगुर्ल्याचं घर दीडशे-दोनशे किलोमीटर उत्तरेला जाऊन बसतं. म्हणून ‘-कर’ आडनावाचा शोध कधीही इंग्रजी कागदावरून सुरू करू नये.

वर दिलेली बहुतेक गावं कुडाळ आणि वेंगुर्ले या दोनच तालुक्यांतली आहेत हे लक्षात आलं असेलच. घाटावर इतकी दाटी नाही. माझ्या मते कारण असं : गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावून काही उपयोग नाही, तिथे सगळेच त्या गावचे. माणूस बंदरात, फौजेत, मुंबईत गेला की तो ‘अमुककर’ होतो. दक्षिण कोकण आणि गोव्यातून बाहेर पडायची रीत फार जुनी.

प्रत्येक ‘कर’ गावाचाच असतो असंही नाही. भास्कर, दिनकर ही व्यक्तिनामं आडनाव झालेली. पेठकर, किल्लेकर, घाटकर यांत जागा आहे पण विशिष्ट गाव नाही.

आणि ‘-कर’ला धर्म नसतो. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएली ज्यूंची आडनावं पाहा : पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, नवगावकर, थळकर, चेऊलकर, दिवेकर. इस्रायलला गेल्यावरही पुष्कळांनी ती ठेवली आहेत. तेल गाळणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवी म्हणून गावांत त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावात मात्र शेजाऱ्यांसारखंच गाव. दिवेकर चित्पावनही आहेत, दोघांचंही दिवे आगर.

नमुनापाहणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : अधिकृत आकडा नाही. जनगणनेत नाव विचारतात, पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने त्या नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत आणि आडनावांची सारणी प्रसिद्ध होत नाही. नेटवर ‘महाराष्ट्रात इतके लाख’ असे जे आकडे फिरतात ते परदेशी संकेतस्थळांचे अंदाज आहेत. त्यांची मोठी खोट म्हणजे मोजणी इंग्रजी स्पेलिंगवर चालते. गायकवाड तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. शिंदे आणि ग्वाल्हेरचे सिंधिया वेगळे पडतात. पश्चिम महाराष्ट्रातले आणि विदर्भातले जाधव वेगळ्या स्पेलिंगमुळे दोन आडनावं ठरतात. धार-देवासचे पवार आणखी तिसरीकडे जातात. उलट चव्हाणांत उत्तर भारतातले चौहान मिसळतात.

तालुक्यापुरतं काम मतदार यादीवर करता येतं. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभा मतदारसंघ आणि यादी भागानुसार मराठी पीडीएफ मिळतात. राज्यात मतदारसंघ २८८, गोव्यात ४०. पायऱ्या अशा.

आधी नमुना ठरवा. समजा १०,००० नावं पाहायची आहेत. ८ यादी भागांतली प्रत्येकी १,२५० घेण्यापेक्षा ४० भागांतली प्रत्येकी २५० घ्या. खेड्यात भावकी एका वाडीत राहते. एक भाग अख्खा उचलला तर त्यात एकच आडनाव चाळीस टक्के निघू शकतं आणि तालुक्याचं चित्र बिघडतं. भाग चिठ्ठ्या टाकून निवडा, सोयीचे नकोत. एका भागातली २५० नावंही सलग घेऊ नका. पाचवं, दहावं, पंधरावं असं अंतर ठेवा, म्हणजे एकच घर पुन्हा पुन्हा येणार नाही.

मग मजकूर काढा. पीडीएफमधून कॉपी केलं तर अक्षरं बहुधा कचरा येतात, म्हणून ओसीआर, म्हणजे चित्रावरून यंत्राने अक्षरं ओळखणं, करावं लागतं. त्यात ठरलेल्या चुका होतात : ‘ऱ्हा’ तुटतं, अनुस्वार उडतो, ‘घ’चा ‘ध’ होतो. घाडगे-धाडगे, घुमाळ-धुमाळ अशा जोड्या हाताने तपासाव्या लागतात. नाव कुठे आडनाव आधी, तर कुठे शेवटी. ‘पाटील संभाजी शिंदे’ असं आलं की यंत्राला आडनाव कळत नाही; त्याच पानावर वडिलांच्या किंवा पतीच्या नावाचा रकाना असतो, तो जुळवा.

रूपं एकत्र करण्याची यादी मोजणीआधी बनवून ठेवा : भोसले/भोंसले, साळुंखे/साळुंके, चव्हाण/चव्हान, घाडगे/घाटगे. शेवटची जोडी एक धरायची की दोन, हा निर्णय तुमचा. लेखात तो सांगून टाका. बायकांची लग्नानंतरची नावं धरली तर मोठ्या कुटुंबांचं वजन आणखी वाढतं. मूळ शोधायचं असेल तर फक्त पुरुष मोजा, आज गावात काय ऐकू येतं ते सांगायचं असेल तर सगळे.

शेवटी आकड्याचा भरवसा. १०,००० त एखादं आडनाव ५० वेळा आलं तर अर्धा टक्का. पण निव्वळ योगायोगानेही तो ५० चा आकडा ३६ ते ६४ मध्ये कुठेही पडू शकला असता, भावकीच्या दाटीमुळे त्याच्याही बाहेर. म्हणून ‘५० कदम आणि ४६ मोरे’ यावरून कदम जास्त असं लिहू नये. १०,००० त ८-१० वेळा आलेल्या आडनावांचा क्रम लावण्यात तर काहीच अर्थ नाही.

ओसरी

सगळ्यांना धन्यवाद, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. एक राहिलं. जाधव म्हणजे यादव, मोरे म्हणजे मौर्य, कदम म्हणजे कदंब, हे कितपत धरावं? आणि एका घराण्याचा माग कागदावर काढायचा तर क्रम काय?

रुमाल

‘यादव’चा ‘जाधव’, ‘चालुक्य’पासून ‘साळुंखे’, ‘परमार’चा ‘पवार’, ‘शिलाहार’चा ‘शेलार’ हे ध्वनीच्या दृष्टीने पटण्याजोगं आहे. पण शब्द त्या शब्दापासून आला म्हणजे घरही त्या घरापासून आलं असं होत नाही. राजाचं कुळनाव त्याचे सरदार, शिपाई, कुळं, गुलामसुद्धा लावीत. सिंदखेडच्या जाधवांचा देवगिरीच्या यादवांशी सांधा सांगितला जातो. तो त्या एका घराण्याचा दावा आहे, सगळ्या जाधवांना लागू करता येत नाही.

जाधव, पवार, चव्हाण हे मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, पूर्वाश्रमीच्या महार आणि मातंग समाजात आहेत. बंजारा समाजात राठोडांबरोबर पवार, चव्हाण, जाधव ही मुख्य गोत्रंच आहेत. पारध्यांत पवार आहेत. या आडनावांची संख्या एवढी मोठी ती यामुळे. एका मूळ पुरुषाची ही संतती नव्हे. आडनावावरून जात ओळखण्याचा जो आपल्याकडे छंद आहे तो या चार-पाच आडनावांपाशी साफ बुडतो, आणि बुडतो ते बरंच आहे.

मराठ्यांत एक कुळ की वेगळं हे आडनावापेक्षा देवकावरून पाहतात. लग्नात ज्या झाडाचं, फुलाचं किंवा वस्तूचं देवक बसवतात ते एक असेल तर सोयरीक करत नाहीत. शहाण्णव कुळींच्या छापील याद्या मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. कुठलीही एक यादी प्रमाण म्हणून देऊ नका. ब्राह्मणांत तीन गोष्टी जुळवा : गोत्र, कुलदैवत, मूळ गाव. तिन्ही एक असतील तर एक देशपांडे, एक कुलकर्णी आणि एक जोशी असे तिघेही भाऊबंद निघू शकतात. वतनाच्या वाटण्यांत ज्याला जे आलं ते त्याने लावलं. चित्पावनांत परंपरेने १४ गोत्रं आणि ६० मूळ आडनावं सांगतात, बाकीची त्यांतून फुटलेली. त्यांचे छापील कुलवृत्तांत भरपूर आहेत. अलीकडच्या पाच-सहा पिढ्यांसाठी ते उत्तम. मूळ पुरुषाच्या आख्यायिका वेगळ्या ठेवून वाचा. घोरपड लावून गड चढला म्हणून घोरपडे, गाईसाठी कवाड उघडलं म्हणून गायकवाड, या गोष्टी आडनाव रूढ झाल्यानंतर रचलेल्या वाटतात.

गावनमुना

कागदांचा क्रम सांगतो. नवीनाकडून जुन्याकडे जायचं, उडी मारायची नाही.

पहिला, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतही मिळतो. आडनाव बदलल्याची खूण इथेच सापडते, कारण आज आपण लावतो ते आडनाव पुष्कळ घरांत शाळेच्या दाखल्याने पक्कं केलेलं आहे. सर्वांना माहीत असलेलं उदाहरण बाबासाहेबांचं : घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि साताऱ्याच्या शाळेत १९०० साली नाव लागलं ते आंबेडकर. उतारा मागताना अर्जात आजचं आडनाव, जुनं आडनाव आणि नुसतं ‘नाव + वडिलांचं नाव’ असे तिन्ही पर्याय लिहा. रजिस्टरात आडनावाचा रकाना रिकामा असणं ही नेहमीची गोष्ट.

दुसरा, गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. विदर्भात कोतवाल पंजी म्हणतात. जन्म-मृत्यूच्या नोंदी. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. पुष्कळ पानं मोडीत, आणि आडनावाऐवजी जात लिहिलेली असते.

तिसरा, जमिनीचे कागद : फेरफार (नमुना ६), जुने सातबारा, क-पत्रक, पाहणी पत्रक, नमुना ३३ आणि ३४. बऱ्याच जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’वर स्कॅन करून ठेवलेत. तिथे गट नंबराने शोधू नका. जुना कागद सर्व्हे नंबरावर आहे. आधी गट-सर्व्हे जुळणीचा तक्ता तलाठ्याकडून घ्या.

वतनदार घर असेल तर सोपं जातं. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने रद्द झाली, महसुली पाटलाचं पद १९६२ च्या कायद्याने. रद्द करताना चौकशा झाल्या, त्यांत वंशावळी जोडलेल्या आहेत. वतनाचे निकाल आणि त्याआधीचे इनामाचे कागद पाहिले तर एकदम चार-पाच पिढ्या मिळतात.

त्याच्याही मागे जायचं तर पुणे पुराभिलेखागार आणि मोडी. तिथे ‘आडनाव’ शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. नाव साधारण असं येतं : ‘मल्हारजी बिन संताजी मोकदम मौजे अमुक’. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे मुलगा, मोकदम म्हणजे पाटील. कोकणी मुसलमानांतलं मुकादम हे आडनाव तेच. म्हणून गाव + परगणा + हुद्दा यावर शोधा. ‘मौ।’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘क॥’ म्हणजे कसबे. मोडीत रेघ आधी ओढून तिला अक्षरं टांगतात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. नवशिक्या वाचकाकडून ‘बिन’ पुढच्या नावाला चिकटतो आणि एक नवाच पूर्वज तयार होतो. दोन वेगळ्या वाचकांकडून लिप्यंतर करून घ्या आणि ताडून पाहा.

कागद संपले की नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय. त्यांच्या नामावळ्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात, त्यामुळे जुनं गाव आणि जुनं आडनाव हाताशी असल्याशिवाय जाऊन उपयोग नाही. आजच्या शहराच्या नावावर वही निघत नाही.

खाजणकाठ

गोव्याचा क्रम वेगळा आहे, तो जोडतो. नागरी नोंदणी १९१४ पासून सक्तीची, त्यामुळे तिथपर्यंतचं काम नोंदणी कार्यालयात होतं. त्याआधी ख्रिस्ती घरांसाठी चर्चची बाप्तिस्मा रजिस्टरं, जुनी बरीचशी पणजीच्या पुराभिलेखात. हिंदू घरांसाठी कुलदेवस्थानाच्या महाजनांची, म्हणजे वंशपरंपरेच्या सभासदांची, यादी. १८८६ च्या पोर्तुगीज नियमावलीनंतर देवस्थानांना या याद्या ठेवाव्या लागल्या. सासष्टीतून अंत्रुजात (आजचा फोंडा भाग) हललेल्या देवांमुळे मूळ गावही त्यातून कळतं.

फर्नांडिस, रॉड्रिग्ज, डिसूझा, परेरा गोव्यात आणि वसईत इतके का, तर बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे आणि पोर्तुगालातच ती मोजकी होती. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा. परेरा हे नासपतीचं झाड. धर्मपिते वेगळे असले तर सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी होत. म्हणून दोन फर्नांडिसांचं नातं आडनावावरून काढू नये. गावकारीतला (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेतला) वांगड, म्हणजे कुळाचा गट, विचारावा, तो बाप्तिस्म्याने बदलला नाही.

तांबूस

मॉरिशसच्या मराठी मंडळींबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. तिकडे १८३४ पासून करारावर मजूर जाऊ लागले. पुष्कळ घरांत पहिल्या आलेल्या माणसाचं *नाव*च वारसांचं आडनाव झालं, तेही फ्रेंच-इंग्रजी कानाने लिहिलेलं. त्यामुळे तिथल्या आडनावावरून कोकणातली भावकी शोधणं व्यर्थ. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये स्थलांतरितांच्या नोंदी आहेत. प्रत्येकाला क्रमांक दिलेला असे, आणि नोंदीत गाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा मिळतात. तो क्रमांक घरातल्या जुन्या जन्म किंवा विवाह दाखल्यावर बहुधा असतो. तो घेऊन जावं, नुसत्या आडनावावर तिथे काही हाती लागत नाही.